घरचा मराठीचा तास

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडील शाळा उघडतात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे? वडील इंग्रजीचे नाव घेतात, आजोबा मराठीचे. आणि आई मनातल्या मनात बसचे भाडे, डब्याची वेळ व शेजारच्या मुलाची प्रगती यांचा हिशेब मांडीत असते. अखेर निर्णय होतो आणि अलीकडे बहुतेक घरांत तो इंग्रजीच्या बाजूने होतो. या वादाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. तीत भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला विचारावयाचा आहे तो त्यानंतरचा प्रश्न. माध्यम ठरले, दप्तर आले, गणवेश शिवून झाला. आता या मुलाला मराठी वाचावयास व लिहावयास शिकविणार कोण, आणि केव्हा?

सरकारी शाळेत आयुष्य घालविलेला मनुष्य सहसा सांगेल की हे शाळेचे काम आहे. मीही शाळेचाच माणूस आहे; तरीसुद्धा अनुभवाने मी निराळ्या मताला आलो आहे. आपल्यासारख्यांच्या घरी मराठीची शाळा घरातच भरली पाहिजे. ती कशी भरते, तिच्यात कोण शिकवितो, स्वयंपाक, शेत आणि थकवा यांतून तिला वेळ कोठून मिळतो, हाच या लेखाचा विषय आहे.

सीमेवरचे मूल

आमचे भीमपूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडळाचे गाव. मंडळाच्या कडेने पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. टिपेश्वरच्या अभयारण्यातील वाघ नदी ओलांडून आमच्या कपाशीच्या शेतांत येतात. त्यांना राज्याची सीमा ठाऊक नाही. माणसांना मात्र ती पदोपदी ठाऊक करून घ्यावी लागली. निजामाच्या राज्यात सरकार-दरबाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यास जोडले गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झाले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार भाग झाले आणि त्याच वेळी भीमपूर हे स्वतंत्र मंडळ झाले. घर तेथेच राहिले, शेत तेथेच राहिले. दारावरून जाणारी सरकारी भाषा तेवढी बदलत गेली.

अशा गावातील पाच वर्षांच्या मुलाच्या कानांवर एका दिवसात किती भाषा पडतात पाहा. घरात आजीची वऱ्हाडी वळणाची मराठी, अंगणवाडीत व कचेरीत तेलुगू, आठवडी बाजारात गोंडी, किराणा दुकानात हिंदी-उर्दूचे मिश्रण, आणि शाळेची पिवळी बस दाराशी येते तेव्हा इंग्रजी. हे दारिद्र्य नव्हे, ही श्रीमंतीच आहे. परंतु या श्रीमंतीत एक वाटणी आपोआप होऊन बसते. इंग्रजी आणि तेलुगू लिहिण्या-वाचण्याच्या भाषा होतात आणि मराठी केवळ बोलण्याची उरते.

या गोष्टीची लक्षणे घराघरांत दिसतात. मुलगा घडाघडा मराठी बोलतो. पण मामाच्या लग्नाची पत्रिका हाती दिली की ‘आजी, तूच वाच’ म्हणतो. मुलगी मावशीला भ्रमणध्वनीवर निरोप पाठविते तो मराठीतच, पण रोमन अक्षरांत. आजोबांची पोथी देव्हाऱ्यात असते आणि तिची पूजाही होते. तिचे पान मात्र उलटले जात नाही. ‘बोलतो आहे ना मराठी? मग झाले!’ असे आईबाप म्हणतात. त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. कारण बोलणे ही पहिली पायरी आहेच. पण दुसरी पायरी नसलेला जिना कोठे नेतो, हे आपल्याच समाजाच्या इतिहासात पाहावयास मिळते.

तंजावरचा धडा

महाराष्ट्राबाहेर मराठीला तंजावरइतका राजाश्रय क्वचितच कोठे मिळाला असेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते भोसले घराण्याकडे होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. त्यांनी छापखाना काढला आणि १८०६ साली तेथे ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली. इसापाच्या गोष्टींचे हे मराठी रूपांतर. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी एक पुस्तक मुलांच्या गोष्टींचे असावे आणि ते तमिळ मुलखात छापले जावे, ही आपणा परमुलखातील मराठी माणसांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

त्याच तंजावरच्या मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते. तिची स्वतःची अशी गोड ढब आहे. पण देवनागरी व मोडी वाचणारी माणसे घटत गेली आणि अनेक घरांत मराठी शब्द तमिळ अक्षरांत लिहिण्याची पाळी आली. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांची संपत्ती आहे. ज्यांच्या पूर्वजांनी ती लिहिली त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांना ती उलगडत नाही. राज्य गेले म्हणून असे झाले, हे खरेच. पण राज्याबरोबर घरातील पाटीही गेली, हेही तितकेच खरे. राज्य टिकविणे त्या कुटुंबांच्या हाती नव्हते. पाटी टिकविणे काही अंशी तरी होते.

एका आईची पहाट

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंच्या घराकडे जावे लागते. आणि गंमत अशी की त्या कुटुंबाला घरच नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्या काळी हे धाडसच होते. गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडू लागले. वडील थकले होते. म्हणून रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाई आईपाशी शिकल्या. दिवसभर स्वयंपाक, पाहुणे आणि प्रवास. म्हणून पाठ पहाटेचा. निजलेल्या मुलीला गोंजारून उठवावयाचे आणि कामे सुरू होण्याआधी शिकवावयाचे, असा त्या माउलीचा क्रम होता.

रमाबाईंनी आपल्या आठवणींत भाषेविषयी सांगितलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. मराठीचे व्याकरण त्यांना वेगळे बसून कोणी शिकविले नाही. आईवडील शुद्ध मराठी बोलत, ती कानांवर पडे. मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके हाती येत, ती त्या वाचीत. तेवढ्यावर त्यांची मराठी घडली. कानडी मुलखात जन्म, सारे बालपण परप्रांतांत पायी. तरी मराठी शाबूत राहिली, आणि हिंडता हिंडता कानडी, हिंदुस्थानी व बंगाली याही भाषा त्यांनी आपल्याशा केल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून जिचा गौरव केला, तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की घरी बोलली जाणारी भाषा आणि हाताला लागेल असा छापील मजकूर, एवढ्या दोन गोष्टींवर मुलाची मातृभाषा उभी राहू शकते. दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. या शिक्षणाचे मोल एका बाईने आपल्या झोपेने चुकते केले होते. घरच्या शिक्षणाचे गोडवे गाताना पहाटे उठणारी ती आई डोळ्यांआड होऊ नये.

शाळा सोडावी काय?

हल्ली मोठ्या शहरांत काही आईबाप मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवितात. मुंबईच्या एका मुलीला तिच्या आईने स्वतःची नोकरी सोडून घरी शिकविले. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसतानाही संगणकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील पदकांच्या बळावर २०१६ साली तिला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रवेश मिळाला. अशी उदाहरणे वाचून कोणा वाचकाच्या मनात तसा विचार आल्यास नवल नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत घरी अभ्यास करून दहावीची परीक्षा देता येते, ही सोयही आहे.

तथापि कायदा काय म्हणतो तेही ध्यानात असावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य मानले आहे आणि घरच्या शिक्षणाला त्यात वेगळे स्थान दिलेले नाही. कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत शाळेच्याच बाजूचे आहे. ज्या घरी कपाशी वेचणीला माणूस पुरत नाही, तेथे शाळेतून काढलेले मूल, विशेषतः मुलगी, पुस्तकाऐवजी धाकट्या भावंडापाशी बसते, हे आम्ही ग्रामीण भागातले शिक्षक डोळ्यांनी पाहत आलो आहोत. शाळेत मूल दुसऱ्यांच्या मुलांशी भांडते, वाटून खाते, तेलुगू बोलते. ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा उत्तम यावी, याविषयी दुमत नसावे. २०१८ च्या कायद्याने आमच्या राज्यातील शाळांत पहिली ते दहावी तेलुगू अनिवार्य झाली, ते मुलांच्या हिताचेच आहे. म्हणून शाळा सोडू नये. मात्र शाळा जे शिकविणार नाही ते आपल्यावर आहे, हे ओळखावे.

मराठी माध्यमाच्या शाळा आमच्या सीमाभागात आहेत; राज्यघटनेच्या कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. ज्यांच्या गावी अशी शाळा आहे त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. पण २०२२ पासून सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यम टप्प्याटप्प्याने आले आहे आणि पालकांचा ओढा कोणत्या दिशेला आहे हे सर्वांना दिसते. हैदराबाद, बडोदे, इंदूर वा बंगळूर येथील वाचकांची स्थिती तर याहून अवघड. तेव्हा मराठी शाळा असो वा नसो, घरचा तास चुकत नाही.

दीड वर्ष बंद दार

घर हीच शाळा झाल्याचा काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली. आमच्या राज्यात १ सप्टेंबर २०२० पासून टी-सॅट आणि दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून पाठ सुरू झाले. लहान मुलांचे वर्ग प्रत्यक्ष उघडावयास सप्टेंबर २०२१ उजाडले. त्या दीड वर्षात सीमेवरच्या घरांत काय घडले? घरात एकच भ्रमणध्वनी. तो बापाच्या खिशातून सकाळीच शेतावर जाई. दूरदर्शनवर गुरुजी भरभर बोलत. मूल ऐके, मग उठून कोंबडीमागे धावे. पडद्यावरच्या गुरुजींना ते उठून गेल्याचे कळत नसे.

शाळा पुन्हा उघडल्यावर मुलांत सरळ दोन गट दिसले. काहींची अक्षरे पुसून गेली होती. दुसरीपर्यंत आलेले मूल पुन्हा बाराखडीशी येऊन थांबले होते. काहींची मात्र टिकली होती, क्वचित सुधारलीही होती. ही दुसरी मुले श्रीमंतांचीच होती असे नव्हे, किंवा त्यांचे आईबाप फार शिकलेले होते असेही नव्हे. त्यांच्या घरी कोणी तरी, कधी आजी, कधी नववीतली बहीण, रोज थोडा वेळ मुलाजवळ बसत असे. ‘आज काय वाचलेस, मला वाचून दाखव’ एवढेच त्यांचे अध्यापनशास्त्र. काही आज्यांना तर अक्षरओळखही नव्हती. पण ऐकणारे माणूस समोर आहे एवढ्याने मूल वाचीत राहिले. त्या काळाने मला शिकविले ते हेच की, घरच्या शाळेला विद्वान शिक्षक लागत नाही. रोजचा माणूस लागतो.

तास कसा भरतो

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. आमच्या घरी साडेपाच वर्षांची नात आहे. ती इंग्रजी माध्यमात जाते. तो निर्णय मुलाचा आणि सूनबाईंचा. सायंकाळी बस तिला दाराशी सोडते तेव्हा ती पेंगुळलेली असते. त्या वेळी पाटी पुढे करणे म्हणजे मराठीविषयी कायमची अढी निर्माण करणे होय. म्हणून आमच्या घरी तासाला ‘तास’ म्हणत नाहीत आणि तो सलग अर्धा तासही नसतो. दिवसात तीन-चार ठिकाणी तो विखुरलेला असतो.

सकाळी दिनदर्शिका. भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ हे आमचे पहिले वाचनपुस्तक. आजचा वार कोणता, तिथी कोणती, कोणता सण जवळ आला, दुधाच्या खुणा किती झाल्या, हे तीच वाचून सांगते. या भिंतीवर आणखी एक गोष्ट शिकविता येते. आपला पाडवा आणि शेजारच्या तेलुगू घरची उगादी एकाच दिवशी येते. कारण दोघांची चांद्रमासाची आणि शालिवाहन शकाची गणना एकच. मूल हे ऐकून शेजारी धावते आणि तेथले पंचांग पाहून येते. तेथे तेलुगू अक्षरांत तोच ‘चैत्र’ असतो.

दुपारचा वेळ सुट्टीच्या दिवशीच मिळतो. कापूस घरात आला की वजन, भाव आणि वेचणीची मजुरी यांचा हिशेब चालतो. किलोमागे इतके तर बारा किलोंचे किती? येथे मराठी अंकांची खरी परीक्षा असते. पंचवीस म्हटले की मुले ५२ लिहितात. आणि त्यात त्यांचा दोष नाही. इंग्रजीत आणि तेलुगूत आधी वीस आणि मग पाच येतात. मराठीत आधी पाच आणि मग वीस. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. अंकांची अदलाबदल होऊ नये हाच त्यामागचा हेतू होता. वाद कसाही असो, आमच्यासारख्यांच्या घरी दोन्ही रीती चालवाव्यात. आधी ‘वीस पाच’ म्हणावे, मग ‘म्हणजे पंचवीस’ म्हणावे. पुलावरून एकदा पलीकडे गेले की मूल पुल विसरते. पावकी, निमकी आणि दिडकी आता कोणी पाठ करीत नाही; पण पावशेर, अडीच, साडेतीन हे शब्द बाजारात अजून जिवंत आहेत आणि ते बाजारातच उत्तम शिकविता येतात.

सायंकाळी चुलीजवळ आजी. तिच्याकडे कोडी आहेत, पोळ्याच्या झडत्या आहेत, सीतादहीच्या दिवसाच्या आठवणी आहेत. आजी ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणते, ‘काहून’ म्हणते. नातही तेच म्हणते. मराठीचा पदवीधर म्हणून काही पाहुणे माझ्याकडे अपेक्षेने पाहतात की आता हे हिला दुरुस्त करतील. मी तसे करीत नाही. ज्या मुलाच्या तोंडची भाषा आपणच अशुद्ध ठरवितो, ते मूल शुद्ध मराठी शिकण्याऐवजी इंग्रजीकडे वळते. तेथे निदान आजीची लाज वाटत नाही. पुस्तकात ‘मला’ आहे, आजीच्या तोंडी ‘मले’ आहे, दोन्ही आपलेच. एवढे सांगितले की मुलाला पुरते. वाचनाबरोबर प्रमाणभाषा आपोआप येते.

चुका मात्र कोठून येतात हे घरच्या शिक्षकाला ठाऊक असावे. आमच्याकडची मुले ‘पुस्तक पडली’ म्हणतात. तेलुगूत एकवचनी स्त्रीलिंगाला आणि नपुंसकलिंगाला क्रियापदाचे रूप एकच असते. ‘ती आली’ आणि ‘ते आले’ या दोहोंना ‘वच्चिंदि’ हा एकच शब्द पुरतो. म्हणून हसू नये, रागावू नये. आपण सहज ‘हो, पुस्तक पडले’ म्हणावे आणि पुढे जावे. उलट काही ठिकाणी तेलुगू मराठीला हातभार लावते. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांतील भेद इंग्रजीत नाही, हिंदीतही तसा नाही; तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा अगदी तोच आहे. ‘ळ’ हे अक्षर आपल्याला आहे तसे तेलुगूलाही आहे. त्यामुळे आमच्या मुलांना ‘कमळ’ म्हणताना अडत नाही. सीमेवरच्या मुलाला दोन भाषा एकमेकींच्या मदतीने शिकविता येतात, हा लाभ पुण्याच्या मुलाला नाही.

रात्री निजताना एक पान मोठ्याने वाचावयाचे, आणि आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहावयाच्या. त्या दोन ओळी वहीत लिहावयास सांगू नयेत. वहीतील ओळीला वाचणारा नसतो. नदीपलीकडच्या आत्याला पोस्टकार्ड लिहावे. आत्याने उत्तर लिहिले पाहिजे, एवढी अट मात्र तिला आधी सांगून ठेवावी. आपले नाव लिहिलेले कार्ड पोस्टमन घेऊन येतो त्या दिवशी मुलाला कळते की या अक्षरांच्या पलीकडे खरेच कोणी तरी आहे.

पुस्तके कोठून आणावीत?

मराठी पुस्तकांचे दुकान जवळ नाही, ही तक्रार खरी आहे. पण आज ती पूर्वीइतकी भारी नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य उतरवून घेता येतात. बालभारतीचेच ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही तसेच पाहावयास मिळतात. ज्यांचे बालपण ‘चांदोबा’ने सजविले अशा वाचकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. हे मासिक १९४७ साली प्रथम तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ व ‘अंबुलिमामा’ म्हणून निघाले, आणि १९५२ पासून मराठीत आले. मद्रासेत बसून नागी रेड्डी आणि चक्रपाणी या तेलुगू गृहस्थांनी मराठी मुलांना दोन पिढ्या गोष्टी पुरविल्या. ते मासिक आता निघत नाही. पण जुन्या पेट्यांत त्याचे अंक निघतात. ते रद्दीत घालू नयेत. सीमेवरच्या घराला याहून शोभणारे पुस्तक नाही.

‘याचा उपयोग काय?’

हा प्रश्न सुनेने विचारला तर राग मानू नये. तो प्रामाणिक प्रश्न आहे. मुलाचा दिवस आधीच भरलेला. तीन लिप्या, तीन भाषा, वर गृहपाठ. त्यात मराठीने नोकरी मिळणार नाही हे उघड आहे आणि तसे खोटे आश्वासन कोणी देऊ नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपणा सर्वांना आनंद झाला. पण त्या दर्जाने आपल्या घरचे मूल लग्नपत्रिका वाचू लागत नाही.

मग उपयोग कोणता? पहिला उपयोग शिक्षणाचाच आहे. समजणाऱ्या भाषेत वाचावयास शिकलेले मूल वाचन म्हणजे अर्थ काढणे हे ओळखते. न समजणाऱ्या भाषेत शिकलेले मूल पुष्कळदा नुसता उच्चार करीत राहते. मुलाच्या शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा, हे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले. शाळेत ते जमले नाही तरी घरी एका पानापुरते जमते. आणि मराठीत आलेली वाचनाची गोडी पुढे तेलुगूला व इंग्रजीलाही कामी येते.

दुसरा उपयोग हिशेबात बसत नाही. विनोबांचे बालपण गागोद्यात गेले आणि पुढे कुटुंब गुजराती भाषेच्या बडोद्यात आले. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, सोपी मराठी गीता हवी, ही त्यांच्या आईची इच्छा होती. आई १९१८ साली गेली. मुलाने पुढे ‘गीताई’ लिहिली आणि ती १९३२ साली प्रसिद्ध झाली. परमुलखातील एका मराठी घरात आईने बोलून दाखविलेली गरज मुलाने मराठीतच पुरी केली. आई आणि मूल यांच्यामध्ये लिहिण्या-वाचण्याचीही एकच भाषा असली म्हणजे असे काही घडण्याची शक्यता राहते. ती तुटली तर घरात दोन पिढ्या एकाच ताटाशी बसून निरनिराळ्या लिप्यांत जगू लागतात.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि तो मुख्यतः घरातील पुरुषांना विचारला पाहिजे. मराठीचा अभिमान सांगणारे आम्ही, आणि पाटी घेऊन बसावयाचे मात्र सूनबाईंनी; कणीक मळताना, कुकरची शिट्टी मोजताना! लक्ष्मीबाई डोंगरे पहाटे उठल्या ती दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आज ज्या घरात दोन पुरुष संध्याकाळी बातम्या पाहत बसतात, तेथे मराठीचा तास बाईच्या कामाच्या यादीत अकरावा म्हणून लिहू नये. बापाने निजताना एक पान वाचावे. आजोबांनी दिनदर्शिका आणि पोस्टकार्ड सांभाळावे. काका-मामांनी पत्राचे उत्तर लिहावे. अशी वाटणी झाली तर कोणा एकावर पंधरा मिनिटांहून अधिक भार पडत नाही.

दसऱ्याला आपल्याकडे पाटीपूजन करतात. पुष्कळ घरांत आता पाटीवर सरस्वती काढून ती संध्याकाळी माळ्यावर ठेवून दिली जाते. यंदा ती माळ्यावर ठेवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वती पुसावी आणि तिच्या जागी मुलाकडून त्याचे स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गावाचे नाव लिहवून घ्यावे. त्यात काना-मात्रा चुकली तर चुकू द्यावी. तिसऱ्या दिवशी आणखी एक ओळ लिहवून घ्यावी.